बाटलीसाहेबांची चिलटं

बाटलीसाहेबांनी आयुष्यात कधी बाटलीला तोंड लावलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. हे नाव त्यांना शीतपेयाच्या कारखान्यातल्या नोकरीने दिलं होतं. तिथे धुऊन आलेल्या बाटल्या पट्ट्यावरून सरकत जायच्या आणि साहेब पांढऱ्या उजेडासमोर बसून त्यांच्या पोटात डोकावायचे. केसाएवढा डाग दिसला तरी बाटली बाजूला. एका खेपेत दोन-तीन तशा निघाल्या तर अख्खी खेप पुन्हा धुवायला, मग मॅनेजर कितीही डोकं आपटो. अशी हयात गेल्यावर माणूस निवृत्त होतो, पण नजर होत नाही. नातेवाइकांकडे गेलं की साहेब पाण्याचा ग्लास आधी खिडकीकडे धरून बघत आणि मग पीत. त्यामुळे नातेवाइकांकडे जाणं हळूहळू कमी झालं होतं. म्हणजे बोलावणीच कमी झाली होती.

तर अशा माणसाच्या घरात त्याच्या मुलीने बेडूक पाळला.

बेडूक अंगठ्याच्या पेराएवढा. हिरवा, अंगावर काळे ठिपके, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव की, इथली व्यवस्था ठीक आहे, पण आम्ही याहून बऱ्या ठिकाणी राहिलेले आहोत. काचेच्या पेटीत शेवाळावर बसून असायचा आणि बारीक, जिवंत, हलत्या किड्याखेरीज कशाकडे ढुंकूनही बघायचा नाही. त्याच्यासाठी मुलगी डब्यांत चिलटं वाढवायची. चिलटं म्हणजे पिकल्या केळ्यावर घोंघावतात तीच. पण ही जरा खास जातीची, यांना उडता येत नसे, नुसती चालत. प्लॅस्टिकच्या पारदर्शक डब्याच्या तळाला केळं आणि ओट्सचा लगदा, तोंडाला फडकं आणि रबर. लगद्यात अळ्या होत, अळ्या भिंतीवर चढून कोश करत, कोशांतून नवी चिलटं निघत. लगदा काळा पडला की त्यातली थोडी चिलटं नव्या डब्यात सोडायची आणि जुना डबा धुऊन पुन्हा वापरायचा. असे सहा डबे बाल्कनीत ओळीने मांडलेले असत.

साहेबांच्या पत्नीने बेडकाचं नाव जावई ठेवलं होतं. मुलगी लग्नाचा विषय काढू देत नव्हती. पण रोज ताजं, वेळच्या वेळी वाढावं लागणारं आणि तरीही चेहरा नाराज असलेलं कुणीतरी घरात आलं होतं, एवढ्यावर बाईंनी समाधान मानलं होतं.

मुलीला ऑफिसच्या कामासाठी दीड महिना बाहेरगावी जावं लागलं. निघताना तिने दारात उभं राहून आईला सगळं बजावलं. रोज चिमूटभर चिलटं घालायची. जीव केवढासा, फार दिवस उपाशी ठेवायचा नाही. डबे एकेक करून धुवायचे, सगळे एकदम कधीच नाहीत.

"आणि बाबा," चपला घालता घालता ती म्हणाली, "तुम्ही डब्यांना हात लावू नका हं."

तिने ते अगदी सहज म्हटलं. पण ते लागायचं तिथे लागलं. देशातली निम्मी तहान ज्यांच्या नजरेखालून गेली, त्या माणसाला सहा डबे धुवायची मनाई!  रिक्षा वळेपर्यंत हात हलवायचा असतो, तो साहेबांनी जरा आधी खाली घेतला.

जावयाचं खाणंपिणं बाईंनी चोख सांभाळलं. पण पहिला डबा जुना झाला, तेव्हा त्यांनी तो मोरीत नेऊन ठेवला आणि जाहीर केलं की खाऊ घालणं जमतं, पण हे धुणं आपल्याच्याने व्हायचं नाही, वासाने पोटात ढवळतं. साहेब पेपर वाचत होते. त्यांनी पेपर सावकाश खाली केला. दोनदा नाही म्हणायचं आणि तिसऱ्यांदा उपकार केल्यासारखं उठायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. बाईंनी एकदाही विचारलं नाही. तेव्हा ते आपणहूनच उठले.

डबा उजेडाकडे धरला आणि त्यांच्या अंगावर काटा आला. भिंतींवर जिऱ्यासारखे रिकामे कोश चिकटलेले. आणि ते चिकटणं म्हणजे नुसतं चिकटणं नव्हे, सरकारी जागेत राहायला आलेल्या भाडेकरूचं चिकटणं. घासणीने हलेनात, नखाने हलेनात, चमच्याने खरवडले तर डब्यावर ओरखडे. एवढ्यात वास जिन्यात पोचला आणि समोरचं दार उघडलं. तिथे शास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक मास्तर राहत. कुठलाही वास आला की त्यांचं दार उघडायचं, आणि दार उघडलं की सल्ला यायचा. वरच्या मजल्यावरून कुणी व्हिनेगर सुचवलं, कुणी वाळू, कुणी राख. मास्तरांनी सगळ्यांना हाताने थांबवलं.

उकळतं पाणी ओता, ते म्हणाले. उकळत्या पाण्यापुढे कुठलाही चिवटपणा टिकत नाही.

यात शास्त्रीय चूक काही नव्हती. मास्तरांच्या काळी अभ्यासक्रमात प्लॅस्टिकचा धडा नव्हता, एवढंच. पाणी ओतल्याबरोबर कोश सुटले खरे, पण डब्यानेही एक दीर्घ उसासा टाकला आणि कंबरेत उसण भरलेल्या माणसासारखा तो एका अंगाला कलला. गोल तोंडाचं लांबट तोंड झालं. साहेबांनी तो उलटासुलटा केला, उजेडाकडे धरला. डाग नव्हता. कारखान्यात आकार बघणारा माणूस वेगळा असे. साहेबांचं खातं डागाचं. त्यांनी डबा पास केला.

बाईंनी त्यात नवा लगदा भरला, चिलटं सोडली, साहेबांनी लांबट तोंडाला फडकं बांधून रबराचे दुहेरी वेढे दिले. सकाळी डब्यात चिलटं जरा कमी वाटली. साहेबांचं म्हणणं पडलं की बाईंनीच कमी सोडली असतील. बाईंचं म्हणणं पडलं की आपण तीस वर्षं या घरात कमी वाढलेलं नाही. या वादात कुणी बाल्कनीच्या कठड्याकडे बघितलं नाही. तिथून एक बारीक, शिस्तशीर रांग पाइपाला धरून खाली उतरत होती.

खाली राहत होत्या अध्यक्षीणबाई. इमारतीच्या समितीच्या त्या अध्यक्ष होत्या, आणि त्यांच्या स्वयंपाकघरात भांडीसुद्धा चपला काढून येतात असं लोक म्हणत. काही दिवसांनी त्यांच्या फळांच्या टोपलीत पहिलं चिलट चालताना दिसलं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. अशी गोष्ट माणूस सख्ख्या बहिणीला सांगत नाही. त्यांनी अध्यक्ष या नात्याने आरोग्य खात्याला कळवलं की, इमारतीच्या आवारात सर्वत्र चालणारी चिलटं आढळत असून रहिवासी त्रस्त आहेत. रहिवाशांना हे कळल्यावर तेही लगेच त्रस्त झाले. जो तो जिन्यात भेटल्यावर सांगू लागला की चिलटांनी अगदी नको करून सोडलंय.

खात्याचा निरीक्षक आला तेव्हा साहेब घरात एकटेच होते. बाईंच्या बहिणीचा हात मोडला होता. जावयाला दोन दिवसांचं पोटभर वाढून त्या बहिणीकडे गेल्या होत्या. निरीक्षकाने बाल्कनीत बॅटरी मारली आणि डब्यांपाशी उकिडवा बसला.

"या अळ्या आहेत," तो म्हणाला.

साहेबांनी मोठ्या शांतपणे समजावून सांगितलं की अळ्या आहेत, पण डासांच्या नाहीत, चिलटांच्या आहेत, आणि मुद्दाम वाढवलेल्या आहेत. निरीक्षकाने मान वर केली. त्याच्या नोकरीत लोक अळ्या नाकबूल करत, कुंडीमागे लपवत, शेजाऱ्यावर ढकलत. मुद्दाम वाढवल्या म्हणणारा त्याला पहिलाच भेटत होता.

"माझ्या कागदावर दोनच रकाने आहेत," तो म्हणाला. "अळ्या आहेत, अळ्या नाहीत. कुणाच्या आणि कशासाठी, याला जागा नाही."

त्याने 'आहेत'वर खूण केली. साहेबांनी तेही सोसलं असतं. पण खाली शेऱ्याची एक ओळ होती. तिच्यावर त्याने, अगदी निर्विकारपणे, तपासनीस ज्या निर्विकारपणे लिहितात तसंच, लिहिलं: भांड्यांची स्वच्छता असमाधानकारक. दोन दिवसांनी पुन्हा तपासायला येतो म्हणून सांगून तो गेला.

साहेब डब्यांसमोर खुर्ची टाकून बसले. हा शब्द त्यांचा होता. तो त्यांनी शेकडो वेळा दुसऱ्यांच्या मालावर लिहिला होता. आज तो त्यांच्या घरात शिरून त्यांच्याच कपाळावर कुणी लिहून गेलं होतं. बरं, वाईट याचं वाटत होतं की शेरा खरा होता. त्या माणसाच्या जागी ते स्वतः असते तर त्यांनीही हेच लिहिलं असतं, आणि खाली रेघ ओढली असती.

त्यांनी अख्खी खेप नाकारली.

मुलीने सांगितलेलं ते विसरले नव्हते. पण एकेक डबा धुवा हे साध्या, घरगुती माणसांसाठी असतं, असा त्यांनी त्याचा अर्थ लावला. कारखान्यात एकेक बाटली कोण धुतं? शिवाय त्यांच्यासमोर आयुष्यभर आल्या त्या रिकाम्या बाटल्या. जी धुऊन काढायची ती घाण हाच माल, अशी बाटली त्यांच्या पट्ट्यावर कधी आलीच नव्हती. त्यांनी सहाही डब्यांतला लगदा, अळ्या, कोश, चिलटं, सगळं एका पिशवीत ओतून कचऱ्याच्या गाडीत दिलं. या वेळी पाणी थंड घेतलं, कारण माणूस अनुभवाने शिकतो. मग साबण, मग ब्रश, मग वासाने डोळ्यांत पाणी येईल इतकं कडक जंतुनाशक, मग खळखळून तीन पाणी, मग ऊन. पहिला कलंडलेला डबाही त्यांनी इतका लखलखीत केला की तो मुद्दाम तसा घडवलाय असं वाटावं.

निरीक्षक आला आणि चाट पडला. असे डबे आपण दवाखान्यातही पाहिले नाहीत, असं तो म्हणाला, आणि 'समाधानकारक' लिहून त्याने साहेबांना नमस्कार केला. जाता जाता तक्रारीची तड लागावी म्हणून त्याच्या माणसाने जिन्यात, आवारात, गटारावर आणि कचऱ्याच्या कोपऱ्यावर असा धूर सोडला की रहिवासी दिवसभर एकमेकांना आवाजावरून ओळखत होते.

संध्याकाळी बाई परत आल्या. हातपाय धुतले आणि चमचा घेऊन बाल्कनीत गेल्या. डबे उलटे, ओळीने, चकाकत उभे होते. साहेब दारात हात मागे बांधून कौतुकाची वाट बघत होते.

"अहो," बाई म्हणाल्या, "जावयाचं जेवण कुठं आहे?"

साहेबांना उत्तर येत होतं. त्यांनी मागे बांधलेले हात सोडले.

त्यानंतर काय बोलणं झालं ते इथे सांगण्यात अर्थ नाही. ज्यांची लग्नं झालेली आहेत त्यांना ते माहीत आहे. थोडक्यात एवढंच की, ही चिलटं मुलीने कुठल्याशा दूरच्या गावातून मागवली होती आणि नवीन पार्सल यायला आठवडा लागणार होता. जावयाकडे बघून आठवडा निघेल असं वाटत नव्हतं. त्याच्या दोन्ही कुशी आत गेल्या होत्या आणि तो पहिल्यांदाच नाराज न दिसता नुसता दमलेला दिसत होता. रात्री मुलीचा फोन आला तेव्हा बाईंनी फोन त्याच्या पाठीकडून धरला. हा पाठमोरा का बसलाय, मुलीने विचारलं. रुसलाय, बाई म्हणाल्या.  'तुम्ही हात लावू नका' या वाक्यात मुलीने किती माया आणि किती दूरदृष्टी भरली होती, ते साहेबांना आता कळत होतं. हा एवढासा जीव गेला असता, तर ते वाक्य मग जन्मभर तिला म्हणावंसुद्धा लागलं नसतं.

सकाळी त्यांनी सडकं केळं बाल्कनीत उघडं ठेवलं. आलं कुणीच नाही, मुंगीसुद्धा नाही. धुराने काम चोख केलं होतं. साहेबांनी हयातीत पहिल्यांदाच कुणाच्या चोख कामाला शिवी दिली. मग ते फळवाल्याकडे गेले. एरवी एकेक केळं वळवून बघणारा हा माणूस आज सगळ्यांत खराब घड मागतोय, त्यावर चिलटं हवीत म्हणतोय, हे ऐकून फळवाला उखडला. आपल्या गाडीवर कधी चिलट बसलेलं नाही, हवं तर चार लोकांना विचारा, असं तो चार लोकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, आणि हातातल्या फडक्याने घडावरची होती नव्हती ती चिलटं उडवून मोकळा झाला.

राहिली इमारत. साहेब दारोदार फिरले. तुमच्याकडे चिलटं आहेत का हो, हा प्रश्न कितीही अदबीने विचारला तरी तो अदबीचा वाटत नाही, हे त्यांना दुसऱ्या दारातच कळलं. आठवडाभर जिन्यात उभं राहून चिलटांच्या नावाने बोटं मोडणारी मंडळी आज एकजात म्हणत होती की आमच्याकडे नाहीत बुवा. एका बाईंनी त्यांना आत नेऊन कचऱ्याचा डबा उघडून दाखवला. साहेबांनी सवयीने वाकून पाहिलं आणि सवयीने तळाशी एक डाग दाखवून दिला, त्यामुळे तिथून जरा घाईने निघावं लागलं. एकाने मोठ्या मनाने झुरळ देऊ केलं. ते झुरळ जावयाच्या दुप्पट होतं. कोण कुणाला खाईल हा प्रश्नच होता.

मास्तर मात्र साहेबांना कोपऱ्यात घेऊन हळूच म्हणाले की, धुराच्या दिवशी एकाच घराने दारंखिडक्या लावून धूर आत येऊ दिला नव्हता. आणि हल्ली तिथल्या फळांच्या टोपलीवर कायम ओढणी घातलेली असते.

अध्यक्षीणबाईंनी दार अर्धंच उघडलं.

"वहिनी, थोडी चिलटं हवी होती."

त्यांचा चेहरा असा झाला की जणू साहेबांनी त्यांच्या सासरच्यांचा उद्धार केलाय. आमच्या स्वयंपाकघरात चिलटं, असं त्यांनी विचारलं, आणि तो प्रश्न नव्हता. साहेबांनी जावयाची सगळी हकिगत सांगितली. कुशी आत गेल्यात, मुलगी पुढच्या आठवड्यात येते, पार्सल त्याच्याही नंतर. बाईंचा हात दारावर होता. तो ढिला पडला, पुन्हा घट्ट झाला. बेडकाची दया त्यांना आली होती. पण चिलटं द्यायची म्हणजे ती आहेत असं कबूल करायचं, आणि समोरच्या दाराची कडी आतून नुकतीच वाजली होती.

"असती तर दिली असती हो, भाऊजी," त्या म्हणाल्या. आवाजात खरंच वाईट वाटलेलं होतं.

साहेब तसेच उभे राहिले. आयुष्यात ज्या एका गोष्टीबद्दल, स्वच्छतेबद्दल, त्यांच्याकडे एका निरीक्षकाखेरीज कुणी बोट दाखवू शकलं नव्हतं, ती अजून त्यांच्याजवळ शिल्लक होती. निरीक्षकाचा दुसरा शेरा खिशातच होता. 

"वहिनी, तुमच्याकडे असतील ती चिलटं तुमची नव्हेत," ते म्हणाले. "ती माझी आहेत. उडत नाहीत, चालतात, ही त्यांची खूण. मी डबा नीट धुतला नाही, वाकडा करून ठेवला, त्यातून ती सुटली. घाण माझ्या घरातून आली. तुमचं घर स्वच्छच आहे."

अध्यक्षीणबाईंनी क्षणभर विचार केला.

"जरा मोठ्यानं म्हणता का?" त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "समोरच्यांना कमी ऐकू येतं."

साहेबांनी मोठ्याने म्हटलं. वरच्या मजल्यावरची दोन दारंही उघडली, म्हणून पुन्हा एकदा म्हटलं. 'नीट धुतला नाही' हे शब्द जिन्यात घुमून परत आले, तेव्हा त्यांनी ते मान खाली घालून ऐकून घेतले. मग दार पूर्ण उघडलं.

टोपलीवरची ओढणी उचलली आणि साहेबांना गहिवरून आलं. पिकल्या पेरूंवर, केळ्यांच्या देठांवर, टोपलीच्या काठावरून, त्यांची चिलटं निवांत फिरत होती. गुबगुबीत, तकतकीत, पोराबाळांसकट. साहेबांनी येताना आणलेला आपला लखलखीत डबा पुढे केला, दोन चिलटं आत सोडली. जंतुनाशकाचा वास अजून गेला नव्हता. दोघंही आत चार पावलं चालली आणि उताणी पडली. बाईंनी घाईघाईने ओट्यावरून जॅमची संपलेली बरणी उचलली. कडांना जॅम होता, बुडाला एक चिकट थर होता, आणि काचेवर बोटांचे ठसे होते.

"थांबा, धुऊन देते," त्या म्हणाल्या.

साहेबांच्या उजव्या हाताची बोटं आपोआप हलली. ती त्यांनी मुठीत धरली.

"नको, वहिनी. आहे तशी द्या."

बरणी भरून दोघं वर आले. बरणी अध्यक्षीणबाईंनी स्वतःच आणली, कारण एवढं कबूल करून झाल्यावर हा बेडूक प्रत्यक्ष खातो तरी कसा, हे बघायचा त्यांना हक्क होता. मागोमाग मास्तर आले, समोरचे आले, वरचे आले. पेटीचं झाकण सरकवून अध्यक्षीणबाईंनी पहिली चिमूट आत सोडली. जावई हलला नाही. एक चिलट त्याच्या नाकासमोरून चालत गेलं. तो हलला नाही. साहेबांच्या पत्नीने पदर तोंडाशी धरला. दुसरं चिलट गेलं, आणि ते जाता जाताच नाहीसं झालं. जावयाने डोळे मिटून घास गिळला, उघडले, आणि तिसरं गेलं. चौथं. पाचव्याच्या वेळेस त्याच्या चेहऱ्यावर जुनी नाराजी परतली आणि साहेबांच्या पत्नी खुर्चीत बसल्या.

फोन वाजला. या वेळी पत्नीने तो समोरून धरला. मुलगी खूप वेळ बघत राहिली आणि म्हणाली की, आज किती आवडीने खातोय हा, काही वेगळं दिलंय का?

साहेबांनी पत्नीकडे बघितलं. पत्नीने छताकडे बघितलं. उत्तर अध्यक्षीणबाईंनी दिलं, फोनमध्ये डोकं घालून, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"आमच्याकडची आहेत ना," त्या म्हणाल्या. "आमच्याकडची चिलटं जरा भरलेली असतात. फळ आम्ही चांगलंच आणतो."

ही चिलटं कुणाची, हे आत्ता घटकाभरापूर्वी अख्ख्या जिन्याला दोनदा ऐकवून ठरलेलं होतं. साहेबांच्या ते अगदी ओठांवर आलं. पण जावई अजून भुकेला होता, आणि बरणी वहिनींच्या हातात होती.

"हो," बाटलीसाहेब म्हणाले, "फरक दिसतो."